मार्वाची बहात्तर तासांची बॅग

२ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून ही वही. चर्चमध्ये सांगतात म्हणून नातवंडांसाठी लिहितो ती रोजनिशी वेगळी. तिच्यात सगळे दिवस मंगल असतात. ही फक्त माझी. कुणी वाचायची नाही. वाचलीच तर वाचणाऱ्याला लाज वाटली पाहिजे.

मुद्दा असा. मार्वाने आज जेवताना पुन्हा तोच विषय काढला. फ्लॅगस्टाफला नेड्राकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे, राहायला जायचं म्हणते. भेटायला नव्हे, राहायला. नेड्राची तिथे बेकरी आहे, तिथे काम करणार म्हणे. हेच मार्चमध्ये म्हणाली होती, मेमध्येही म्हणाली होती. मार्चमध्ये मी म्हणालो, कूलरचा सीझन तोंडावर आलाय, नंतर बघू. मेमध्ये सीझन सुरू होता. या केनॅब गावात उन्हाळ्यात छपरांवर चढून लोकांचे कूलर कोण दुरुस्त करतो? डेल्विन स्पॅकमन. छपरावर उभ्या असलेल्या माणसाशी घरगुती विषय काढू नये, एवढं चौतीस वर्षांत कळायला हरकत नव्हती.

निदान: मूड. या वयात येतो. उपाय केला पाहिजे.

४ सप्टेंबर, गुरुवार

उपाय सापडला. हॅमलिन कॅन्यन. लग्नानंतरच्या आठवड्यात आम्ही दोघं तिथल्या धबधब्यापर्यंत चालत गेलो होतो. मार्वा त्या दिवशी वाटभर हसत होती. (मी शेवाळावरून घसरून पाण्यात बसलो होतो, पण हसण्याचं कारण तेवढंच नव्हतं.) जायला तीन मैल, यायला तीन. दोन्ही बाजूंना लाल भिंती, मधे आम्ही. उठून दुसऱ्या खोलीत जायची सोय नाही.

धबधब्यापाशी मी एक भाषण करणार. छोटंसंच. त्यानंतर फ्लॅगस्टाफचं नाव निघायचं नाही.

संकल्प: रोज सकाळी पाण्याच्या टाकीची टेकडी चढायची. आइस्क्रीम बंद. भाषण पाठ.

संध्याकाळी तिला विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणेल. पण म्हणाली, चालेल, तिथे तरी तुझा फोन वाजणार नाही, नीट बोलता येईल. अर्धी लढाई जिंकली. त्या आनंदात थोडं आइस्क्रीम.

६ सप्टेंबर, शनिवार

टेकडी राहिली. पण त्याहून मोठी गोष्ट घडली.

कॅन्यनला काय न्यावं म्हणून तळघरात गेलो आणि डोक्यात प्रकाश पडला. आपल्या बहात्तर तासांच्या बॅगा! घरात माणशी एक, तीन दिवस पुरेल अशी भरलेली असावी असं चर्चमध्ये वर्षानुवर्षं सांगतात. भूकंप होवो, आग लागो, जगबुडी येवो, बॅग उचलायची आणि घराबाहेर पडायचं. बाकीच्यांकडे नावाला असतात. आमच्याकडे खऱ्या.

आधी माझी उघडली. ब्रिनचे सहाव्या वर्षीचे पायमोजे. (आमची लेक ब्रिन आता बॉइझीला असते, तिलाच दोन मुलं आहेत.) वितळून पुन्हा घट्ट झालेली मेणबत्ती आणि तिला चिकटलेलं चित्रं रंगवायचं पुस्तक. गव्हाचा डबा, दुधाची पावडर, बिस्किटांचा सीलबंद डबा. थोडं जुनं आहे. पण सील शाबूत आहे.

मग मार्वाची उघडली आणि थक्क झालो. सगळं नवंकोरं! तिच्या आत्ताच्या मापाचे कपडे, घड्या घालून. सहा महिन्यांच्या गोळ्या. चष्म्याची जास्तीची जोडी. पासपोर्ट. आईचा फोटो, फ्रेममधून काढलेला. नवे बूट. आणि एका डब्यात काळपट पूड. भाजलेल्या जवाची असावी, माझी आजी तसलं काहीतरी उकळून प्यायची. वास जरा जळका, पेट्रोल पंपाच्या दुकानात त्या एका कोपऱ्यात येतो तसा. आमच्यात चहा-कॉफी वर्ज्य, त्यामुळे त्या कोपऱ्यातून मी श्वास रोखून जातो.

इतकी वर्षं मला वाटत होतं, या बाईला सज्जतेची काडीची किंमत नाही. आणि हिने गुपचूप, कुणाला न सांगता! मी तळघरातल्या गव्हाच्या बादलीवर बसून चक्क रडलो. ज्या बाईला संसाराची एवढी काळजी, ती कुठे जातेय?

७ सप्टेंबर, रविवार

उपवासाचा रविवार. दोन जेवणं सोडली. (मनुका धरत नाहीत.)

या रविवारी ज्याला वाटेल त्याने पुढे जाऊन मनातलं बोलायचं असतं. मला वाटलं. गेलो. म्हणालो, बंधुभगिनींनो, काल मी माझ्या पत्नीची बॅग उघडून पाहिली. कागदपत्रांपासून गोळ्यांपर्यंत सगळं तयार. तुम्हाला सांगतो, वेळ आली तर मार्वा एका मिनिटात घराबाहेर पडेल, मागे वळून बघणार नाही. आपल्यापैकी किती जणींची अशी तयारी आहे?

आमच्या चर्चमध्ये एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. एरवी तान्ही पोरं तरी रडतात. बायका सगळ्या मार्वाकडे बघत होत्या, कौतुकाने. मार्वा मानेपर्यंत लाल. स्तुतीची सवय नाही तिला. शेजारी बसलेल्या सिस्टर क्रॉकेटने (आमच्यात बायका सगळ्या सिस्टर, पुरुष ब्रदर) तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

बाहेर पडताना बिशप टोलमननी माझा हात दोन्ही हातांत घेतला. आमच्यात बिशपपद बिनपगारी; एरवी ते दातांचे डॉक्टर आहेत, हात लवकर सोडतात. म्हणाले, ब्रदर स्पॅकमन, कधीही या, अगदी कधीही. खूण कळली. सज्जता समितीचं अध्यक्षपद रिकामं आहे.

गाडीत मार्वा म्हणाली, डेल, ती बॅग कशासाठी आहे ते तुला कळलंय का? मी म्हणालो, अगं, या गावात मला नाही कळणार तर कुणाला कळणार? त्यानंतर घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. उपवासाने थकवा येतोच.

१३ सप्टेंबर, शनिवार

टेकडी चढलो. अर्धी. उरलेली अर्धी खालून नीट दिसते, काही विशेष नाही.

भाषण तयार आहे. सुरुवात आपल्या पूर्वजांपासून: हातगाड्या ओढत हे वाळवंट तुडवत आले, त्यांच्या बायका बेकरीत पळून गेल्या नाहीत. मग लग्न, मग ब्रिन, मग नवीन छप्पर (ते मी एकट्याने घातलं), मग कूलरचा धंदा, आणि शेवटी क्षमा. म्हणजे मी तिला करणार. गॅरेजमध्ये मोठ्याने म्हणून पाहिलं. शेवटी मलाच रुमाल काढावा लागला.

बिशपनी अजून समितीचं काही कळवलेलं नाही. सिस्टर क्रॉकेट मात्र रस्त्यात भेटली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मला एखादा असाध्य रोग झालाय. लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या. हवा कोरडी, पुराचा धोका नाही. रेंजरच्या कार्यालयात फोन करून खात्री केली. मार्वाने आधीच केली होती म्हणे. समन्वय नाही, दुसरं काय.

मार्वाने जेवताना सांगितलं की उद्या संध्याकाळी नेड्रा कॅन्यनच्या पार्किंगला येणार आहे, आणि मार्वा तिथूनच नेड्राबरोबर जाणार. मी म्हणालो, दिवस आपल्या दोघांचा ठरला होता. ती म्हणाली, दिवस आपलाच आहे डेल, संध्याकाळ माझी. ठीक आहे. चार दिवस बहिणीकडे राहून येईल. किंवा धबधब्यानंतर पार्किंगमध्येच विचार बदलेल आणि नेड्रा हात हलवत परत जाईल. हे दुसरं बघायला मजा येईल. वीस वर्षांपूर्वी चर्च सोडल्यापासून ही नेड्रा आमच्या घरावर टपून आहे.

बॅगांवरून किरकोळ वाद. मी म्हणालो, दोन्ही पाठीवर घेऊन चालायचं. ती म्हणाली, सहा मैलांना पाणी आणि सँडविच पुरे, माझी बॅग पिकअप ट्रकमध्ये राहू दे. मी म्हणालो, ट्रकमध्ये ठेवायची तर भरलीस कशाला? ती म्हणाली, देवा! मग म्हणाली, तुला उचलायची असेल तर उचल बाबा. उचलणार. पुरुष कशाला असतो?

२० सप्टेंबर, शनिवार. सकाळी, वाटेवर

पहिला थांबा. मी सुचवला, मार्वासाठी. तिला दम लागलेला नाही असं ती म्हणते.

वाट सगळी वाळूची. पाय पुढे टाकला की अर्धा मागे येतो. माझी बॅग पाठीवर, मार्वाची पोटावर. खालचं दिसत नाही, त्यामुळे दोनदा निवडुंग. मार्वाने नडगीतले काटे चिमट्याने काढले. चिमटा तिच्याच बॅगेत, वरच्या कप्प्यात होता. मी म्हणालो, बघ, बॅग उपयोगाला आली की नाही? हसली. नोंद: हसली!

पुढे ती चालते, मागे मी. वाट सुरक्षित आहे की नाही याकडे मागूनच नीट लक्ष ठेवता येतं.

दुपारच्या आधी

एका ठिकाणी दगडांच्या खुणा डावीकडे ओढ्याच्या पलीकडे जात होत्या. मला उजवीकडची घळ आठवत होती. मार्वा म्हणाली, खुणा डावीकडे आहेत. मी म्हणालो, खुणा कुणीही पोरंटोरं रचतात. अर्धा तास उजवीकडे गेलो. घळ संपली, समोर भिंत. मार्वा आलीच नव्हती. परत आलो तेव्हा ओढ्याकाठी कॉटनवुडच्या झाडाच्या सावलीत बूट काढून पाण्यात पाय सोडून बसली होती, शांतपणे सफरचंद खात. म्हणाली, झालं बघून? मी म्हणालो, झालं, घळ सुंदर होती, तू चुकवलीस. ती म्हणाली, असेल. पूर्वी ती अशा वेळी भांडायची. आता भांडत नाही. स्वभाव निवळलाय.

बुटात पाणी. गुडघा कुरकुरतोय. गव्हाचा डबा नेमका मणक्यावर बसतो.

दुपारी, धबधबा

पोचलो! उंचच उंच भिंत, तिच्यावरून हिरवट-काळे ओघळ, खाली डोह. पाणी हाडं गोठवणारं. एक तरुण जोडपं होतं, ते आम्हाला बघून निघून गेलं. एकांत मिळाला.

जेवण. माझा डबा उघडला. वास आला. बिस्किटं नव्हती, बिस्किटांची आठवण होती. दोन खाल्ली, तत्त्वासाठी. मार्वाने तिच्या सँडविचमधलं अर्धं न मागता दिलं. पाव नेड्राचा. पाव बरा होता. हे नेड्राला कधीही सांगणार नाही.

मार्वाकडे थर्मास होता. तेच जवाचं. मी हात पुढे केला तर म्हणाली, डेल, तू ते पिऊ नकोस. चौतीस वर्षांच्या नवऱ्याला एक घोट द्यायला जीव खालीवर होतो हिचा! मी सरळ झाकणात ओतून घेतलं. कडू, पण अंगात भिनणारं. दुसरं झाकणही घेतलं. मार्वा कपाळाला हात लावून बघत बसली.

आणि मग काय सांगू! छाती धडधडायला लागली. बोटं थरथरायला लागली. डोळ्यांसमोर सगळं लख्ख. असा आत्मिक संचार मला आयुष्यात झाला नव्हता. ओळखलं, हीच ती वेळ. दगडावर उभा राहिलो आणि भाषण केलं. अख्खं. हातगाड्यांपासून क्षमेपर्यंत, न अडखळता, दुप्पट वेगाने. छप्पर घालतानाचा प्रसंग आयत्या वेळी वाढवला.

मार्वाचे डोळे ओले. धबधब्याचे तुषारही असतात, पण सगळे तुषार नव्हते.

नंतर ती बोलली. बराच वेळ बोलली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. मी मान हलवत होतो. मनात एकच रुखरुख की क्षमेच्या आधी ब्रिनच्या पदवीदानाचा परिच्छेद राहून गेला. तो आता घालावा की परतीच्या वाटेवर? परतीच्या वाटेवर ठरवलं. तेवढ्यात तिचंही बोलून झालं होतं. म्हणाली, ऐकलंस ना? मी म्हणालो, शब्दन् शब्द. तिने मला मिठी मारली. घट्ट. कित्येक वर्षांत मारली नव्हती तशी.

जिंकलो.

संध्याकाळी, ट्रकमध्ये

परतताना पाय भराभर पडले. संचार अजून चालू होता. पदवीदानाचा परिच्छेद सांगितला, तिने ऐकून घेतला.

पार्किंगला नेड्राची गाडी उभी होती, डिकी उघडी. मी दोन्ही बॅगा घेऊन घामाघूम. नेड्रा माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, डेल, तू हिचं सामान धबधब्यापर्यंत नेऊन परत आणलंस? मी म्हणालो, सवय आहे आम्हाला, तुमच्यासारखं नाही. आणि डिकीत ठेवायला मार्वाने बॅग मागितली तेव्हा तिचा हात पोचेना म्हणून मीच आत सरकवून दिली. नीट, उभी.

मार्वा म्हणाली, स्वतःची काळजी घे. फोन करीन. मी म्हणालो, गुरुवारपर्यंत ये, त्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढायचे असतात. नेड्राने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मार्वाने तिचा दंड धरला. गाडी गेली.

ट्रक सुरू करून बसलोय. अजून निघालो नाही. झोप उडाली आहे ती पार उडाली आहे. त्या जवात जबरदस्त ताकद आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

डबे मीच काढले. कठीण नाही. निळा कुठला आणि तपकिरी कुठला हे शेजाऱ्याला विचारलं.

२८ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून तीन घरांनी जेवण आणून दिलं. तिन्ही घरांनी तेच, बटाटे-चीज, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. हा पदार्थ आमच्यात मयताच्या घरी नेतात. मी सिस्टर क्रॉकेटला म्हणालो, इथे कुणी मेलेलं नाही, बायको चार दिवस बहिणीकडे गेलीय. ती म्हणाली, हो ना, ब्रदर, भांडं सावकाश परत करा. कॉर्नफ्लेक्स मऊ पडले होते. द्यायचंच तर नीट तरी द्या.

समितीचं अध्यक्षपद टोलमननी दुसऱ्याला दिलं. त्याच्या घरी आणीबाणीत वाजवायची साधी शिट्टीसुद्धा नाही, मला माहीत आहे. मला म्हणाले, तुमच्यावर आत्ता आणखी भार नको. कसला भार? घरात मी एकटा. आवाज नाही, पसारा नाही, कपाटात जागाच जागा. संतापाने आज प्रार्थनेला डोळे मिटले नाहीत. बाकी सगळ्यांचे मिटलेले असताना उघड्या डोळ्यांनी एकट्याने बघत बसायला फार वाईट वाटतं.

संकल्प: फोन मी करायचा नाही. तिने करावा. तिने केला की मोठ्या मनाने बोलायचं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मार्वाचा फोन आला. दुसऱ्या घंटीला उचलला. पहिल्याला उचलणं बरं दिसत नाही.

मी मोठ्या मनाने म्हणालो, सगळे कूलर झाकून झाले. सीझन संपला. आता तुला काय बोलायचंय ते बोल, ऐकतो. ती म्हणाली, माझं बोलून झालंय डेल. धबधब्यापाशी सगळं बोलले. मी म्हणालो, हो, माहीत आहे. ती म्हणाली, मग सांग ना, काय बोलले मी? सगळं नको. एक वाक्य सांग. कुठलंही. सांगितलंस तर मी आत्ता गाडीत बसते, रात्रीच्या आत घरी येते.

हे ती थट्टेने म्हणत नव्हती. तिचा आवाज मला कळतो.

डोह आठवला. त्यातलं हिरवं पाणी, तिच्या कपाळावर चिकटलेले केस, माझ्या गुडघ्यावरचा तिचा हात. माझं भाषण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत आठवलं. तिचे ओठ हलताना दिसत होते.

मी म्हणालो, तू म्हणालीस की थकलेयस. ती म्हणाली, नाही. मी म्हणालो, जागा सुंदर आहे म्हणालीस. ती म्हणाली, नाही रे. मग ती थांबली. मागे बेकरीत गिऱ्हाइकं बोलत होती, कुणीतरी तिला हाक मारली, तरी तिने फोन ठेवला नाही. मी कान फोनवर दाबून उभा होतो.

रागावली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, जेवलास का?

मी म्हणालो, हो. जेवलो नव्हतो.